स्वच्छ केलेला समास

"इथे होतं," ऑलिव्ह आँटी म्हणाल्या, आणि पानाच्या कडेला जिथे काहीच नव्हतं तिथे त्यांनी बोट दाखवलं. पानाला हात लावायचा नाही हे मी त्या येताच सांगितलं होतं, ते त्यांनी पाळलं. बोट कागदापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर येऊन थांबलं. बोटाची सावली मात्र कागदावर पडली, फिकट आणि लांबट, आणि ती जिथे पडली ती जागा मी ओळखली. एवढंच झालं. बाहेर उत्तरेचा गरम वारा सुटला होता, पुढच्या खोल्यांचे पडदे ओढलेले होते, दक्षिणेच्या खिडकीतला सपाट उजेड टेबलावर नेहमीसारखा पसरला होता. तेवीस वर्षं मी या टेबलाशी बसते आहे, पण माझे हात मला परके वाटले ते त्या क्षणी पहिल्यांदा. मी ते मांडीवर घेतले आणि एकावर एक ठेवले, कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखे.

"काय होतं?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"पेन्सिलीने लिहिलेलं. पर्लच्या नावासमोर. पर्लला कुठे नेलं ते."

त्यांची मुलगी रॉझलिन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. दवाखान्यातली नर्स, अडतीस-एकोणचाळीस वर्षांची, कामाच्या बुटांतच आलेली. "आई, चष्मा लाव की."

"चष्म्याने नसलेलं दिसायला लागतं का? मग दे."

त्यांनी चष्मा लावला. शाईची ओळ स्पष्ट होती, हॅलर्स वेल मिशनच्या अधीक्षकाच्या ठसठशीत उभ्या अक्षरांत: अकरा जून एकोणीसशे पस्तीस. पर्ल, वय पाच. गेली. त्याखाली त्याच दिवशी पिठाची पोती आल्याची नोंद आणि त्याखाली वाऱ्याची दिशा. शाई थोडी तपकिरी झालेली, कागद मलईच्या रंगाचा, आणि उजवीकडचा रुंद समास पहिल्यापासून शेवटपर्यंत नितळ. इतका नितळ की कोणाही जाणत्या माणसाने म्हणावं, वा, काय राखलंय. म्हणालेही आहेत लोक. गेल्या वर्षी सरकारी ग्रंथालयातून तीन जण संग्रह पाहायला आले होते, त्यांतल्या एकाने नेमकी हीच वही उचलली आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. संग्रहाची छापील यादी मी केली. तिच्यात या वहीसमोर माझेच शब्द आहेत: बांधणी मूळ, कणा दुरुस्त केलेला, समास स्वच्छ, स्थिती उत्तम. त्या यादीतूनच रॉझलिनला वहीचा पत्ता लागला होता. म्हणजे मीच त्यांना बोलावलं होतं.

त्या आल्या तेव्हा मला काही कळलं नव्हतं. फोनवर रॉझलिन एवढंच म्हणाली होती की आईला मिशनची जुनी वही बघायची आहे, ती सोमवार-बुधवार-शुक्रवार मशीनवर असते, गुरुवार चालेल का. किडनीच्या मशीनबद्दल बोलत होती हे मला नंतर, आँटींच्या दंडातली दोरखंडासारखी फुगलेली शीर पाहून समजलं. अशी माणसं येतात अधूनमधून. कोणाला आजोबांचं नाव बघायचं असतं, कोणाला नुसतंच पान बघून रडायचं असतं. मी खुर्ची देते, पान उघडून देते आणि बाजूला होते. मिस पेंगेलींचं म्हणणं असतं की अशांना बिस्किटं द्यावीत आणि वेळेत पाठवावं. मिस पेंगेली म्हणजे कॉन्स्टन्स, या घराच्या आणि घरातल्या नऊ हजार पुस्तकांच्या मालकीण, वय एकोणऐंशी. लग्न केलं नाही कारण, त्यांच्याच शब्दांत, वडिलांना पुस्तकांशेजारी दुसरा पुरुष उभा केलेला चालला नसता. वडील गेले तरी त्या या घरात मुलीसारख्याच राहिल्या आहेत आणि मी मोलकरणीसारखी, आणि दोघींनाही ते आता बोचत नाही.

ऑलिव्ह आँटी सांगत होत्या. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. त्यांच्या आईची मावशी मिशनमध्ये अधीक्षकाच्या घरी धुणं-इस्त्री करायची. अधीक्षकाच्या बायकोने तिला बायबल वाचता यावं म्हणून अक्षरं शिकवली. "आणि मग पस्तावली बिचारी," आँटी म्हणाल्या, "कारण ही बया बायबल सोडून सगळं वाचायची. पाकिटं, डब्यांवरची लेबलं, टेबलावरची पत्रं." सरकारी गाडी येऊन एखादं आदिवासी पोर आईपासून तोडून, गोऱ्यांत वाढवायला घेऊन गेली की अधीक्षक वहीत तारीख घालून 'गेला' किंवा 'गेली' लिहायचा. कुठे, ते लिहीत नसे. ते पत्रांत असायचं. मावशी धूळ झटकायला आत जायची तेव्हा पत्र वाचायची आणि वहीतल्या त्या नावासमोर, समासात, पेन्सिलीने लिहून ठेवायची. कुठलं घर, कुठलं गाव, कोणाकडे.

"स्वतःकडे का नाही ठेवलं?" मी विचारलं. माझा आवाज खरोखरच माहिती विचारणाऱ्या बाईचा होता.

"आमच्या झोपड्या तपासायचे गं. कागदाचा कपटा सापडला तरी चौकशी. मग म्हातारीने विचार केला, सगळ्यांत सुरक्षित जागा कुठली? त्याचीच वही. एकदा लिहिलेलं पान तो परत कधी बघायचा नाही." आँटी हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. "माझी आई म्हणायची, त्या माणसाचं एक बरं होतं, त्याला मागे वळून बघायची सवयच नव्हती. सगळ्या बायकांना ठाऊक होतं. कधीतरी वही हाताशी येईल आणि आपली पोरं सापडतील. पर्लही सापडेल. पर्ल, माझी मोठी बहीण, माझ्या जन्माच्या आधीच नेलेली. मी पाहिलेली नाही पर्लला. पण आई चुलीशी बसली की म्हणायची, पर्लला हे आवडायचं, पर्लला ते चालायचं नाही. मला वाटायचं पर्ल कुठेतरी दुकानात गेलीय, येईल आत्ता."

"आता अडुसष्टची असेल," रॉझलिन म्हणाली.

"सदुसष्ट. वाढदिवस व्हायचाय पर्लचा."

मिशन बंद पडलं आणि त्याची वही या घरात आली तेव्हा मी शाळेत होते, इथून दोन तासांवर, द्राक्षमळ्यांच्या गावात. माझे वडील घोड्यांचे खोगीर-लगाम शिवायचे. घोडे कमी झाले तेव्हा सुटकेसच्या मुठी, मग चर्चच्या बायबलचे कणे. कातडं कसं सोलून पातळ करायचं, खळ किती घट्ट शिजवायची, हे मला कोणी शिकवलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसून पाहिलं. पुढचं सगळं एका जुन्या हस्तपुस्तिकेतून आणि चुका करून. मी बावीस वर्षांची असताना थोरल्या पेंगेलींनी, मिस पेंगेलींच्या वडिलांनी, एका दुरुस्त केलेल्या बायबलवरून माझा माग काढला आणि मला या टेबलाशी आणून बसवलं. त्यांचे आजोबा मेंढ्यांवर श्रीमंत झाले, वडिलांनी मेंढ्या विकून पुस्तकं घेतली, आणि यांनी फक्त पुस्तकं सांभाळली. सांभाळणं हा त्यांचा धर्म होता. मला ते आवडायचे. हे मी आज लिहिताना टाळणार नाही: मला ते खूप आवडायचे. उंच, खोकला दाबत बोलणारे, बाहीला नेहमी धूळ लागलेले. ते मला 'नॉस्के' म्हणायचे, आडनावाने, पुरुष कारागिराला हाक मारावी तसे, आणि त्या हाकेने माझी मान ताठ व्हायची. त्यांचा एक नियम होता. शाई म्हणजे इतिहास, पेन्सिल म्हणजे मळ. पेन्सिलीच्या खुणा दलाल करतात, भाव टाकतात, पोरं रेघोट्या मारतात, आळशी वाचक टिंबं देतात. जुनं पान हाती आलं की आधी पेन्सिल जायला हवी. तेव्हा सगळेच असं करायचे, असं मी नंतर अनेकदा स्वतःला सांगितलं आहे, इतर पुस्तकांच्या बाबतीत, जेव्हा काही हळहळ वाटली तेव्हा. सगळे करायचेच.

कृती सोपी असते. खोडरबर किसून त्याचा चुरा करायचा, तो मलमलीच्या लहानशा पुरचुंडीत बांधायचा, पुरचुंडी पानावर हलकेच आपटली की पांढरी पूड पडते, मग बोटांच्या पेरांनी गोल गोल, कधीही मागेपुढे नाही, मधून कडेकडे. पूड राखाडी होते. मऊ कुंचल्याने ती झटकायची. परत. पान उघडं पडत जातं, त्याचा मूळ रंग वर येतो, आणि ते पाहताना जी तृप्ती मिळते ती मला दुसऱ्या कशात मिळाली नाही, पुरुषांतही नाही. हट्टी पेन्सिलीला कडक रबराचं टोक. मग दमट टिपकागदात पान मऊ करायचं आणि शिकंज्यात, म्हणजे दाबयंत्रात, घालायचं. ही वही मी तीन आठवडे शिकंज्यात ठेवली होती. पेन्सिल जोर देऊन लिहिलेली होती, कागदाच्या पाठीवर उठली होती. ते उठलेपण जाईपर्यंत मी रोज सकाळी दांडा पाव फेरा आवळत होते.

म्हणजे मला आठवत होतं. मला जोर आठवत होता, पाठीवर उठलेली अक्षरं बोटाला लागलेली आठवत होती. पानाच्या त्या जागेवर सावली पडल्याबरोबर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला तो खडबडीतपणा आठवला आणि मी हात मांडीवर घेतले. अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं, ओळ शेवटी खाली उतरणारी, जागा पुरणार नाही या भीतीने शब्द एकमेकांना चिकटलेले. रेडिओवर फुटबॉलची मॅच लागली होती. थोरले पेंगेली मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, नॉस्के, पान श्वास घ्यायला लागलं. मी त्या दिवशी निळा स्वेटर घातला होता आणि दुपारी डब्यात मटणाचं थंड सँडविच होतं. हे सगळं होतं. फक्त शब्द नव्हते. मी आत आत जात होते, वहीच्या त्या पानापाशी, त्या मुलीच्या खांद्यावरून वाकून पाहत होते, तिची पेरं गोल गोल फिरत होती, आणि मी म्हणत होते, थांब, अगं थांब, वाच आधी. आणि तिला घाई होती, तिला शाबासकी हवी होती.

"किती ठिकाणी होतं असं?" रॉझलिनने पानं उलटू का असं नजरेने विचारलं. मी उलटत गेले. गेला. गेली. गेली. दोघे गेले. गेला. प्रत्येकासमोर तोच रुंद, मलईच्या रंगाचा, राखलेला समास. "आजीला चुकीचं कळलं असेल," ती म्हणाली, आईकडे न पाहता. "किंवा ही ती वही नसेल."

"हीच ती," आँटी म्हणाल्या. "पिठाची पोती बघ. आई सांगायची, पर्लला नेलं त्या दिवशी पीठ आलं होतं, भाकऱ्या झाल्या, आणि कोणी खाल्ल्या नाहीत."

दार उघडून मिस पेंगेली आत आल्या. हातात काठी. मागे कोणी नव्हतं, ट्रे नव्हता. पुस्तकांच्या खोलीत खाणंपिणं आणायचं नाही हा वडिलांचा नियम त्या पाळतात, स्वतःच्या वाढदिवसालाही. "चहा पुढच्या खोलीत मांडलाय," त्या म्हणाल्या. "हेडी, पाहुण्यांना हवं ते सापडलं का?"

"नाही," आँटी म्हणाल्या. "तुमची वही फारच नीटनेटकी आहे, बाई."

"हेडीची कृपा. आमच्या घरात पुस्तकं माणसांपेक्षा चांगली दिसतात."

"दिसतंय," आँटी म्हणाल्या, आणि काठीपासून केसांपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं. दोघी हसल्या. मला वाटलं, वेगळ्या जगात या दोघी पत्त्यांचा डाव मांडून एकमेकींना फसवत बसल्या असत्या.

मिस पेंगेलींनी मला बाहेर बोलावलं. बोळात पुस्तकांच्या कपाटांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट आहे, तिथे त्या माझ्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. "पेन्सिल?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. वडिलांसाठी रबर त्याच किसायच्या, माझ्याही आधीपासून. मी मान हलवली.

"सांगणार नाहीस तू."

"ती तिच्या बहिणीला शोधतेय, मिस पेंगेली."

"सापडणार आहे का सांगून? मग कोणासाठी सांगायचं? स्वतःला हलकं वाटावं म्हणून?" त्या दबक्या आवाजात बोलत होत्या, पण शब्द सुटे सुटे होते. "पुढच्या महिन्यात ग्रंथालयाचे कागद होतायत. संग्रह अखंड राहील, तू त्याची राखणदार राहशील, तुझी खोली तुला राहील. हे मी त्यांच्याकडून दात उपटावेत तसं काढून घेतलंय. समास घासलेत हे कळलं तर ते प्रत्येक पुस्तक दिव्याखाली धरतील. बाबांचं नाव..." त्या थांबल्या. मग माझ्या बाहीवरचं काहीतरी झटकलं, जे तिथे नव्हतं. "तू बावीस-तेवीसची पोर होतीस. त्यांनी सांगितलं, तू केलंस."

हे मला कोणीतरी म्हणावं असं मला वाटत होतं, आणि ते म्हटल्याबरोबर मला कळलं की ते पुरत नाही. त्या पुढे एक वाक्य बोलल्या असत्या तर कदाचित पुरलंही असतं. मी स्वतःला ओळखते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टर म्हणाले होते की लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता, आणि ते वाक्य मी चौदा वर्षं उशीसारखं वापरलं आहे. पण मिस पेंगेली दमल्या, काठीवर रेलल्या, आणि त्यांच्या मागच्या काचेत मला माझा चेहरा दिसला, कपाटाच्या आत, पुस्तकांच्या रांगेत, नीट राखलेला.

आत गेले तेव्हा रॉझलिन म्हणत होती की पोलीस पुसलेलं लिखाण वाचतात म्हणे, आडव्या उजेडात. "खरं का ते?" तिने मला विचारलं. अजून तिला संशय नव्हता. तिचा माझ्यावर विश्वास होता, आपण दुकानातल्या जाणत्या माणसावर ठेवतो तसा.

खरं आहे. मी कोपऱ्यातला दिवा आणला, टेबलाच्या पातळीला आडवा ठेवला, खिडकी झाकली. कागद अचानक डोंगरदऱ्यांचा झाला. विणीचे तंतू, एक जुनी घडी, शाईच्या रेघांच्या खोल चाकोऱ्या. आणि समास, वाळलेल्या तळ्याच्या तळासारखा सपाट. मी दिवा हळूहळू फिरवला. आँटी पुढे वाकल्या. त्यांच्या श्वासाला औषधाचा धातूसारखा वास होता. एका जागी, पर्लच्या नावासमोर, एक लहानसं वळण दिसलं, कमान म्हणावी अशी, आणि तिघींनी एकदमच श्वास रोखला. मी दिवा आणखी खाली नेला. कमान नाहीशी झाली. कागदाचाच एक तंतू होता तो. तीन आठवडे, रोज पाव फेरा. मी माझं काम चांगलं करते.

दिवा मी बंद केला आणि खिडकी उघडली नाही.

"ते होतं," मी म्हणाले. "तुमच्या आईने सांगितलं ते बरोबर आहे. चाळीसेक नोंदी होत्या. मी पुसल्या. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला नाही, पंच्याहत्तरला, हिवाळ्यात. रबराने. नंतर शिकंज्यात घातलं, म्हणून उजेडातही काही दिसत नाही." तारीख मी का दुरुस्त केली मला माहीत नाही. यादी करणाऱ्या बाईची सवय.

रॉझलिन म्हणाली, "काय?" अंधारात तिचे बूट लाकडावर वाजले, दोन पावलं, मग थांबले.

"सगळ्या?" आँटींनी विचारलं.

"सगळ्या."

"चाळीस पोरं."

"हो."

"का गं?"

हा प्रश्न त्यांनी इतका साधा विचारला, एखाद्या मुलीने भाजी का करपवली असं विचारावं तसा, की माझ्याकडे असलेली सगळी उत्तरं, तेव्हाची पद्धत, थोरल्या पेंगेलींचा नियम, हस्तपुस्तिकेतलं पान, तोंडापर्यंत येऊन परत गेली. "पान चांगलं दिसावं म्हणून," मी म्हणाले.

बोळात काठी वाजली आणि लांब गेली. मग आँटी म्हणाल्या, "पण मग तू पाहिलंयस. पुसताना डोळे मिटले नसशील. म्हणजे ते वाचणारं शेवटचं माणूस तू. मावशीने लिहिलं आणि तू वाचलंस. मधे कोणी नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता, त्या उकाड्यात. "आठव. पर्लसमोर काय होतं?"

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी आठवू लागले. खरोखर आठवू लागले, या खोलीत अंधारात बसून, एका म्हातारीने मनगट धरलेलं असताना. त्या निळ्या स्वेटरच्या मुलीपाशी गेले, तिची पेरं बाजूला सारली, पूड फुंकली. आणि काहीतरी आलं. आधी एक उंच अक्षर, मग दोन शब्द, चिकटलेले, खाली उतरणारे. पोर्ट एलरी. मला दिसलं ते. ओळीच्या शेवटी लहानशी रेघ सुद्धा दिसली. आणि त्याच क्षणी हेही आठवलं की पोर्ट एलरीला माझी आत्या राहायची, त्याच वर्षी नाताळात मी तिच्याकडे गेले होते, धक्क्यावर तळलेले मासे खाल्ले होते, आणि घरी पाठवलेल्या पत्राच्या डोक्यावर मी स्वतः तेच दोन शब्द लिहिले होते. पेन्सिलीने. माझं अक्षरही तेव्हा उजवीकडे कलायचं. मावशीचा हात आणि माझा हात एकमेकांवर चढले होते आणि मला ते सोडवता येत नव्हते.

"एक गाव," मी म्हणाले. "मला वाटतं एक गाव होतं..."

"वाटतं?"

"दिसतंय मला. पण कदाचित ते माझंच..."

"थांब." मनगटावरचा हात आवळला. "बोलू नकोस. पक्कं माहीत आहे का? देवाशपथ?"

माझं मनगट त्यांच्या मुठीत सैल पडलं.

"मग बोलू नकोस, पोरी. मला तू एक गाव दिलंस की मी तिथे जाईन. दारं ठोठावीन. प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे बघेन. मशीनवरून उठून जाईन, मरेपर्यंत जात राहीन. आणि पर्ल दुसरीकडेच कुठेतरी खिडकीत बसलेली असेल." त्यांनी माझा हात सोडला. "खोटं गाव नको मला. त्यापेक्षा हा कोरा कागद बरा. तो निदान म्हणत नाही की मला माहीत आहे."

"आई," रॉझलिन म्हणाली, "तिला सांगू दे. मी जाऊन बघते."

"तुला सांगितलं की मला कळेल. तुझं तोंड मला वाचता येतं." त्या उठू लागल्या. उठायला वेळ लागला. रॉझलिनने काखेत हात घातला. मी खिडकी उघडली, उजेड आत आला आणि वही टेबलावर होती तशीच होती. आँटींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मी ती मिटू का, उघडी ठेवू, मला समजेना; पुस्तकांच्या बाबतीत मला असं कधी होत नाही. त्यांनी डावा हात, औषधाच्या सुयांनी काळानिळा झालेला तो हात, पानाला लावला. तळवा पूर्ण टेकवला, समासावर, दाबून. घामाचा ओला ठसा उमटला आणि त्यांनी हात उचलल्यावर कागद तो पीत गेला.

चहा कोणी घेतला नाही. पुढच्या खोलीत चार कप मांडलेले होते आणि मिस पेंगेली खुर्चीत सरळ बसलेल्या होत्या, रिकाम्या कपाशी. आम्ही दारातून गेलो तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. फक्त म्हणाल्या, "हेडी, समासांचं सांगायला ग्रंथालयाला फोन तूच करशील. मी नाही." मी हो म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. नोटिशीच्या अठ्ठावीस दिवसांनी मला खोली सोडायला लागेल हे दोघींनाही तेव्हाच कळलं होतं.

अंगणात वारा तोंडावर भट्टीसारखा आला. चिनारासारख्या प्लेनच्या झाडाची पानं फेब्रुवारीतच करपून फरशीवर घासत होती. गाडीचं दार तापलं होतं, रॉझलिनने शर्टाच्या टोकाने धरून ते उघडलं आणि आईला बसवलं, पाय एक एक करून आत घेतले. आँटी डोकं मागे टेकून बसल्या. मग काच खाली करून म्हणाल्या, "तू उन्हात उभी राहू नकोस. मोठीला ऊन सोसायचं नाही म्हणे. आई सांगायची, लगेच नाकातून रक्त. तिला नेलं तेव्हा जूनचा हिवाळा होता ते एक बरं." आणि काच वर केली.

रॉझलिन गाडीला वळसा घालून माझ्या बाजूने आली. मला वाटलं ती गावाचं नाव विचारेल, आणि मी सांगून टाकणार होते, ते माझ्या दाताखाली होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही, दवाखान्यात नातेवाइकांना काही सांगायच्या आधी नर्स जशा पाहतात तसं.

"ऐकलंत का?" ती म्हणाली.

"काय?"

"'मोठी' म्हणाली ती." तिने गाडीच्या काचेकडे पाहिलं. "आमच्यात वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. वहीत लिहिणाऱ्या त्या मावशीचं नाव मला आजतागायत माहीत नाही. पण पर्लचं नाव आमच्या घरात रोज घेतलं जायचं. आजी घ्यायची, मग आई. चहा ओतताना, कपडे वाळत घालताना, उगाचच. मुद्दाम घ्यायच्या. नाव घेतलं की माणूस आहे." ती थांबली. "साठ वर्षं घेतलं. आता तिने सोडलं."

ती गाडीत बसली. इंजिन सुरू झालं, आणि काचेमागे ऑलिव्ह आँटींनी डोळे मिटलेले होते. मी काचेवर टकटक करायला हात उचलला. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, गावाबद्दल नाही, क्षमेबद्दलही नाही, साधंच काहीतरी. पण ते वाक्य त्या नावानेच सुरू होत होतं.